मूठ कोरी, पातं झिजलेलं

"दगड भिजत घातलास का?"

अण्णांनी अंगणातून विचारलं. मी मोरीत बादलीपाशी उकिडवी बसले होते.

"घातलाय."

"बुडबुडे?"

"येतायत अजून."

"येऊ देत."

कोरडा दगड पाण्यात सोडला की त्याच्या अंगातून बारीक बुडबुडे वर येतात. ते थांबेपर्यंत दगडाला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. देवघरातले नियम आईचे होते, धारेचे अण्णांचे.

अष्टमीची दुपार होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्या घरातलं प्रत्येक पातं पाटावर मांडलं जायचं: सुऱ्या, विळी, अडकित्ता, आईची शिवणाची कात्री. हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल, आणि मग दिवसभर त्यांना विश्रांती. नवमीला घरात काही चिरलं जायचं नाही. कढी व्हायची, मटकीची उसळ व्हायची, कोथिंबीर हातानं तोडायची. पण त्याआधी अष्टमीला धार. बोथट हत्यारापुढे हात जोडणं अण्णांना खोटेपणा वाटायचा.

अण्णा साखर कारखान्यात फिटर होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. लोखंड कापायच्या करवतीचं पातं मोडलं की ते घरी आणायचे आणि घासून घासून त्याची सुरी करायचे. शिसवी मूठ, पितळेच्या रिव्हेटा. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत अण्णांची सुरी होती. त्या पोलादाला धार चढायला वेळ लागतो, पण चढली की लवकर उतरत नाही.

माझ्या रुखवतातही त्यांनी अशी एक सुरी ठेवली होती, साखरेच्या बंगल्याशेजारी.

"लेकीला सुरी कोण देतं?" आई तेव्हा म्हणाली होती.

"ज्याला करता येते तो," अण्णा म्हणाले होते.

आणि पहिल्या दिवाळसणाला जावयाला अंगठीबरोबर दगड दिला. एक बाजू खरखरीत, एक मऊ. याच अंगणात जयवंतला शेजारी बसवून शिकवलं. जयवंत मन लावून शिकला. शाळेत कारकून होता, अक्षर सुरेख होतं, हात स्थिर.

*

पातं दगडावर आडवं ठेवायचं. पाठ जराशी उचललेली, खालून नाणं सरकेल इतकीच. पुढे ढकलायचं. दाबायचं नाही. दाबलं की धार चढत नाही, पातं नुसतं कमी होतं.

*

घटस्थापनेला मी माहेरी आले. दसऱ्याला जयवंत सोनं द्यायला येणार आणि मला विट्याला परत घेऊन जाणार, असं ठरलेलं होतं. आल्या दिवसापासून मी आईला सांगायचा प्रयत्न करत होते.

एकदा तांदूळ निवडताना.

"आई, मला तिकडं भीती वाटते."

"कशाची?"

"ते धार लावत बसतात."

"कशाला?"

"सुरीला."

आईनं खडा काढून टाकला. "आमच्या ह्यांचा जन्म गेला त्यात. एकेकाला नाद असतो, रजू."

एकदा ती माझ्या केसांना तेल लावत असताना.

"रोज लावतात. शाळेतनं आले की. माझ्यासमोर बसून."

"बोलतात काय तेव्हा?"

"काहीच नाही."

"पितात?"

"नाही."

"हात उचलतात?"

"नाही."

"बाहेर कुठं..."

"नाही गं."

आईचे हात माझ्या डोक्यावर थांबले, मग परत चालू झाले. "पलीकडच्या कमळानं परवा तोंडाला पदर लावून भाजी घेतली. दात पाडलाय तिचा. आणि तुला जावईबापूंच्या सुरीची धार नको झालीय." ती हसली. वाईट हसली नाही. मला हलकं वाटावं म्हणून हसली.

आणि एकदा.

"आई."

"आता काय?"

"काही नाही."

*

बुडबुडे थांबले. मी दगड फडक्यावर ठेवून अंगणात नेला. अण्णांनी गुडघ्यावर जुनी खाकी पँट टाकली होती, त्यावर पाणी सांडलं तरी चालायचं.

मी एकेक पातं देत गेले. आईची मोठी सुरी. पाटापासून सोडवलेलं विळीचं पातं. अण्णा प्रत्येकाला आधी उन्हात धरून बघायचे. आईच्या सुरीकडे बघून म्हणाले, "तुझ्या आईनं हिच्यानं पुन्हा डब्याचं झाकण उघडलंय."

"नाही उघडलं," आई आतून म्हणाली.

"खाच कुणी पाडली मग?"

"पूर्वजन्मीची असेल."

अण्णा गालात हसले आणि खरखरीत बाजूनं सुरुवात केली. खस्स. खस्स. मी उंबऱ्याशी उभी होते. अण्णांच्या हाताखालचा तो आवाज मी लहानपणापासून ऐकलेला. तो ऐकत मी अभ्यास केला, झोपले. आता तो ऐकताना मी दाराची चौकट धरून ठेवली होती.

"तुझी आण."

दरवर्षी ते सांगायचे, येताना सुरी घेऊन ये, बघू कशी राहिलीय. आधी मी विसरले म्हणायची. या वेळी आणली होती, साडीच्या घडीत गुंडाळून. का आणली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

त्यांनी ती उन्हात धरली. मग मनगटावरच्या केसांवरून हलकी फिरवली. केस उतरले.

"वा," ते म्हणाले. "शिकला म्हणायचा गडी. अगं, ऐकलंस का? जयवंतरावांचा हात माझ्यापेक्षा बसलाय."

"मी तेच म्हणत होते हिला," आई आतून म्हणाली.

अण्णांनी सुरी उलटी केली. परत सुलटी केली. मग आईची सुरी उचलून तिच्याशेजारी धरली. आईची सुरी माझ्या जन्माआधीची. तिची मूठ पाण्यानं फुगलेली, काळी पडलेली, रिव्हेटांच्या कडेला हळद कायमची बसलेली. पातं मात्र अजून चांगलं अंगठ्याएवढं रुंद होतं.

माझ्या सुरीचं पातं करंगळीएवढं उरलं होतं. आणि मूठ अण्णांनी पॉलिश केली होती तशीच्या तशी. कोरी.

"हिच्यानं काय चिरतेस तू?"

"मी विळीवर चिरते, अण्णा."

"सगळं?"

"सगळं."

"कांदा? मिरची?"

"विळीवरच."

त्यांनी मुठीचा वास घेतला. मग पात्याचा. अंगठा धारेच्या कडेकडेनं, न टेकवता, टोकापर्यंत नेला. टोक त्यांनी करताना गोल ठेवलं होतं, स्वयंपाकघरातल्या सुरीला टोक लागत नाही म्हणून. आता ते दाभणासारखं होतं.

"मग हा घासतो कशाला?"

त्यांनी सुरी दगडाला लावली नाही. उठून पडवीच्या फळीवर ठेवली आणि विळीचं पातं हातात घेतलं. पण त्यानंतर त्यांचा हात नीट चालला नाही. दोनदा थांबले.

*

नवमीला सकाळी.

पाटावर पाती मांडून झाली. आईनं मोजल्यासारखं बघितलं.

"अहो, रजूची राहिली."

"राहू दे."

"अशी कशी राहू दे? तिच्या घरची वस्तू आहे. आणली तर पूजा करून पाठवावी."

"ती पूजेला नको."

"का नको?"

"काम केलेलं नाही तिनं."

"नव्या वस्तूचीसुद्धा करतात पूजा."

"नवी नाही ती," अण्णा म्हणाले.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी उदबत्ती लावत होते. काडी विझली, दुसरी पेटवली.

जेवण झाल्यावर अण्णांनी मला पडवीत बोलावलं. सुपारी तशीच तोंडात टाकली, अख्खी. अडकित्ता विश्रांतीवर होता.

"किती वेळ बसतो?"

"माझ्या भाकरी होईपर्यंत. कधी त्यानंतरही."

"आणि काय बोलतो?"

"काही नाही."

"रागात असतो?"

"नाही. शांत असतात. एरवीपेक्षा शांत."

"तू काय करतेस तेव्हा?"

मी तोंड उघडलं. मी काय करते ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण त्याला शब्द लावला की ते...

"काही नाही करत," मी म्हणाले. ते खरंच होतं.

अण्णा सुपारी चघळत राहिले. ते फिटर होते. बिघाड दिसल्याशिवाय मशीन उघडायचं नाही, उघडलं तर काय झालंय ते साहेबाला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं. कुठं काही नव्हतं. एक ओरखडाही नाही.

"उद्या येतोय ना," ते म्हणाले. मला नाही, अंगणाला म्हणाले.

*

मऊ बाजूला पाणी जास्त लागतं. आवाज बदलतो. खस्स जाऊन स्स राहतो. हात हलका, नजर धारेवर. धार लावताना दुसरीकडे बघायचं नाही. अण्णांनी त्याला हे सांगितलं होतं, मी तिथंच होते.

*

दसऱ्याला उन्हं उतरताना जयवंत आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात आपट्याच्या पानांची जुडी. सगळ्यांना सोनं दिलं, वाकून नमस्कार केला. आईनं कडाकण्यांची बशी पुढे केली.

"घ्या जावईबापू. तुमच्या बायकोनं लाटल्यात. वातड झाल्या असतील तर आमचा दोष नाही."

"तिच्या हातचं वातड कसं होईल," तो म्हणाला. आई खूश झाली. माझी पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती, वर चिवड्याचा डबा. शेवटची गाडी अंधार पडायच्या आत सुटायची, ती धरायची होती. आई म्हणाली, दोन पोळ्या तरी खाऊन जा. मी आत तवा ठेवला.

बाहेर अण्णा म्हणाले, "जयवंतराव, जरा तुमचा हात बघू. शिकवलं होतं तसं राहिलंय का?"

"आत्ता?"

"दोन मिनिटांचं काम."

"हो, हो. बघा ना."

दगड भिजवलेला असणार. मी भिजवला नव्हता. पाट सरकवल्याचा आवाज आला. फळीवरून काहीतरी उचलल्याचा.

मी पोळी तव्यावर टाकली.

बाहेर पहिला हात फिरला. स्स.

मी लाटणं खाली ठेवलं. पदराला हात पुसले. बाहेर गेले. जयवंत पडवीत भिंतीशी पाटावर बसला होता, दगड पुढ्यात. त्याच्यासमोर, त्याचा हात पोचेल इतक्या अंतरावर, मी खाली बसले. मांडी घातली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, तळवे वर. आणि मान वर केली. गळा ताणला जाईल इतकी वर, की मला फक्त आढ्याचे वासे दिसावेत.

कुणी मला बोलावलं नव्हतं. जयवंतनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

स्स. आणि मग थांबणं. तो प्रत्येक हातानंतर थांबतो. थांबला की माझ्या गळ्याकडे बघतो. वाशांकडे बघत असले तरी मला ते कळतं. मग पुन्हा स्स.

पहिल्या दिवाळसणानंतरच्या थंडीत त्यानं एकदा एका बोटानं माझी हनुवटी वर केली होती. तेवढंच. त्यानंतर त्याला कधी काही करावं लागलं नाही.

"रजू, अगं पोळी जळतेय," म्हणत आई दारात आली आणि तिथंच राहिली.

स्स.

पोळीच्या जळण्याचा वास पडवीत आला. कुणी आत गेलं नाही. मग दगडावर काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज झाला. तो अण्णांचा तळहात होता.

"बास," ते म्हणाले.

"का? चुकलं काही?"

"नाही. हात चांगला आहे तुमचा."

"मग?"

"रजू इथं राहील."

"राहू दे की. किती दिवस?"

"राहील."

जयवंत अगदी हळू, मुलाला गणित विचारावं तसं म्हणाला, "मी काय केलं, अण्णा?"

अण्णांचा तळहात दगडावरच होता.

"नाही, सांगा ना. लोक मला विचारतील. तुम्हालाही विचारतील. काय केलं जावयानं? तर काय सांगायचं?"

मला अण्णांचा श्वास ऐकू येत होता. नाकातून, जड.

"हात उचलला कधी? विचारा तिला. माझ्यासमोर विचारा."

"नाही," मी म्हणाले. वाशांकडे बघत म्हणाले. माझी मान अजून वरच होती. ती खाली करायची आहे हे मला माहीत होतं, पण ती होत नव्हती.

मग आई आली. तिचे हात पिठाचे होते. तिनं एक हात माझ्या डोक्यामागे धरला, एक हनुवटीखाली, आणि माझी मान हळूहळू खाली केली. लहान मुलाला आंघोळ घालताना करतात तशी. मला तिच्या साडीच्या निऱ्या दिसल्या.

"जा तुम्ही," ती जयवंतला म्हणाली. त्याला जावईबापू न म्हणता ती पहिल्यांदाच बोलली.

तो उठला. सुरी रुमालानं पुसली. कोपऱ्यातल्या वर्तमानपत्राचं पान घेऊन नीट घडी घालत तीत गुंडाळली.

"ही आमची," तो म्हणाला. "रुखवतातली."

अण्णांनी त्याला ती नेऊ दिली. त्यावरून आईनं त्यांना पुढे कितीतरी वर्षं बोल लावला. मला वाटतं, ती घरात ठेवून घ्यायची त्यांची छाती झाली नाही.

*

काय केलं त्यानं?

मावशीनं विचारलं. मामांनी विचारलं. कमळानं विचारलं, तिचा एका बाजूचा गाल सुजलेला. वकिलानं विचारलं. आई सगळ्यांना सांगायची, पटत नव्हतं. मग लोक माझ्याकडे बघायचे. ज्या बाईला नुसतं पटत नाही, तिच्याकडे बघतात तसं.

अण्णांनी घरात धार लावणं सोडलं. गल्लीतून कुणी विळी घेऊन आलं तर सांगायचे, दगड फुटला. दगड माझ्या खाटेखाली फडक्यात होता. आमच्या सुऱ्या हळूहळू बोथट झाल्या. टोमॅटो चिरताना चिरडायचे. आई कांदा दोन्ही हातांनी दाबून कापायची. एकदा सुरी घसरून तिच्या अंगठ्यात खोल गेली. तिनं हळद दाबली, चिंधी बांधली आणि कुणाला काही म्हणाली नाही. पुढच्या खंडेनवमीला तीच बोथट पाती पाटावर मांडली. अण्णांनी त्यांच्यापुढे हात जोडले. ते मान वर करून कुणाकडे बघत नव्हते.

घटस्फोटाचे कागद झाले. मी बालवाडीत लागले. आणि मग आमच्या गल्लीतल्या कुणाच्या तरी पाहुण्यांकडून कळलं की जयवंतचं दुसरं ठरलंय. तासगावच्या बाजूच्या एका गावातली मुलगी. बापाची द्राक्षबाग.

"मी जाऊन येतो," अण्णा म्हणाले.

"कुठं?" आई म्हणाली.

"त्यांना सांगून येतो."

"नका जाऊ. म्हणतील, स्वतःची नांदली नाही म्हणून दुसरीचं मोडायला आला."

"म्हणू देत."

"काय सांगणार आहात?"

अण्णांनी चपला घातल्या. मी पाण्याची बाटली भरून दिली. त्यांनी ती घेतली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे तो जरा जोरात बसला. सकाळच्या गाडीनं गेले.

परत आले तेव्हा आई तुळशीपाशी दिवा लावत होती. अण्णा पडवीत खाली बसले. शर्टाच्या पुढच्या बाजूला पाणी सांडल्याचे डाग होते. मी तांब्या आणून दिला.

"भेटले?" आईनं विचारलं.

"भेटले. चांगली माणसं आहेत. जेवल्याशिवाय सोडत नव्हती."

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, संध्याकाळी सुरीला धार लावत बसतो. बायकोला समोर बसवतो."

"मग?"

"मुलीचा बाप म्हणाला, बरं, पुढं?"

आई दिव्याची काडी हातात धरून उभी होती.

"पुढं काय सांगणार?" अण्णा म्हणाले. "मग मी खाली बसून दाखवलं. रजू बसली होती तसं. त्यांच्या सोप्यात, जमिनीवर. हात असे. मान वर." त्यांनी मान वर करून दाखवली. गळ्याची सैल कातडी ताणली गेली. "असं बसायचं, म्हटलं."

"मग?"

"मुलगी दारात उभी होती. तोंडावर हात ठेवून आत पळाली. हसू आलं असेल. म्हातारा माणूस असा बसलेला."

मी तांब्या घेऊन तिथंच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"मग तिची आई बाहेर आली. हातात विळी. म्हणाली, एवढं जाणता तर जाता जाता बघा, आमची पार बोथट झालीय, पोरीला लग्नात द्यायची म्हणतोय."

"आणि?"

"दगड नव्हता त्यांच्याकडं," अण्णा म्हणाले. "पायरीवर घासून दिली."